यादी कोण वाचणार?



आपल्या शाळेच्या संगणक कक्षाचे पुढे काय करायचे, हा विषय अलीकडे बैठकींत वारंवार निघतो. यंत्रे जुनी झाली आहेत, मुलांच्या हाती मोबाईल आले आहेत. 'आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळेच करून देते, मग मुलांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला कशाला शिकवायचे?' असे काही विश्वस्तांनी मोकळेपणाने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बैठकीत दोन वाक्यांत उरकण्यापेक्षा या अंकातून सविस्तर द्यावे असे ठरवले.

माझे मत आधीच सांगून टाकते. आठवी-नववीच्या मुलांना कमांड लाइनची फार नको, पण एक गोष्ट यायलाच हवी, ती म्हणजे एकच आज्ञा एका संपूर्ण यादीवर चालवणे. आणि ती पुस्तकातल्या लुटुपुटूच्या उदाहरणांवर शिकवू नये. आपल्याच शहरात तयार झालेली आणि नीट वाचायला माणूस न मिळालेली एक मराठी यादी आहे, तिच्यावर शिकवावी.

ही यादी कोणती, ते सांगते. आपली शाळा चिक्कडपल्लीत, आणि उस्मानिया विद्यापीठ येथून हाकेच्या नसले तरी बसच्या अंतरावर. 1918 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा चांगला संग्रह आहे. तसे असणे स्वाभाविकच होते. 1956 पर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबादशी जोडलेले होते. तिकडची मुले शिकायला इकडे येत, आणि आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्यांतलेच. पुढे भाषावार राज्ये झाली, मराठवाडा तिकडे गेला, आपण येथे राहिलो आणि पुस्तकेही येथेच राहिली.

या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प उभा राहिला. हे राज रेड्डी मूळचे चित्तूर जिल्ह्यातले, 1994 च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. भारतात या कामाला 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' असे नाव मिळाले, आणि गच्चीबावलीची आयआयआयटी हे त्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. उस्मानियाची पुस्तकेही यंत्राखाली गेली. त्यांच्या प्रती आज इंटरनेट आर्काइव्ह या मुक्त ग्रंथालयात कोणालाही पाहता येतात. पहिल्याच पानावर 'युनिव्हर्सल लायब्ररी' अशी अक्षरे आणि 'ओयू' ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. मग ग्रंथालयाचे ते जुने, परतीच्या तारखेची सूचना छापलेले पान. काही पुस्तकांवर तर त्यांची प्रकृतीही नोंदवलेली असते. 'टाइट बाइंडिंग बुक', 'ब्राउन बुक', एवढेच काय 'ड्रेंच्ड बुक', म्हणजे भिजून गेलेले पुस्तक! कोणी तरी प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पाहिले होते, त्याची ही खूण.

आता यात कमांड लाइन कोठे आली? पुस्तक स्कॅन झाले म्हणजे त्याची एक फाइल होत नसे. प्रत्येक पानाची एक वेगळी प्रतिमा होई. 300 पानांचे पुस्तक म्हणजे 300 फाइली. त्यांतही मूळ प्रतिमांचा एक संच आणि साफ केलेल्या प्रतिमांचा दुसरा. 'डिजिटल लायब्ररी'च्या संकेतस्थळावर वाचकाला एकेक पान उघडून वाचावे लागे. संपूर्ण पुस्तक हवे असेल तर 300 वेळा टिचकी मारायची. माऊसने एवढे काम करताना बोटे दुखतात आणि एखादे पान हटकून सुटते. म्हणून जाणकार वाचकांनी दुसरा मार्ग काढला. 1 ते 300 आकड्यांची यादी करायची आणि 'हे पान उतरवून घे' ही एकच आज्ञा त्या यादीतल्या प्रत्येक आकड्यावर चालवायची. चहा होईपर्यंत पुस्तक घरी.

असे काम करणारे एक छोटे साधन लिनक्सच्या जवळपास प्रत्येक यंत्रावर आयते असते. त्याचे नाव 'एक्सआर्ग्स'. त्याचा जन्म अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळांत, युनिक्स या प्रणालीच्या एका आवृत्तीत, 1970 च्या दशकात झाला. त्याआधी 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी डग्लस मॅकइलरॉय यांची एक कल्पना युनिक्समध्ये उतरवली होती. एका आज्ञेतून निघालेली यादी नळीतून ओतावी तशी दुसऱ्या आज्ञेत सोडायची. त्या उभ्या रेघेच्या चिन्हाला म्हणूनच 'पाइप' म्हणतात. पन्नास वर्षे झाली, किती यंत्रे आली नि गेली, पण ही नळी तशीच आहे.

एक्सआर्ग्स नेमके काय करते, हे मुलांना सांगताना मी पंगतीचे उदाहरण देते. लग्नात पाचशे माणसे आहेत आणि दालनात शंभरच पाने मांडता येतात. मग काय करतो आपण? शंभराची एक पंगत बसवतो, ती उठली की दुसरी. जेवण तेच, वाढण्याचा क्रम तोच, फक्त माणसे बदलतात. संगणकाच्या दालनालाही अशी मर्यादा असते. एका आज्ञेला एकदम किती नावे देता येतील याचा आकडा ठरलेला आहे. लिनक्समध्ये 2007 पर्यंत ती मर्यादा 1,31,072 बाइट होती, आज ती साधारणपणे वीस लाख बाइटच्या आसपास असते. तिच्यापुढे गेलात की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' असा संदेश येतो, म्हणजे 'एवढी पाने मांडता येणार नाहीत'. एक्सआर्ग्स ती यादी घेऊन तिच्या पंगती पाडते आणि एकेका पंगतीला आज्ञा वाढत जाते. एका पंगतीत किती पाने हवीत हे 'डॅश एन' लिहून सांगता येते. एकाच वेळी चार वाढपी कामाला लावायचे तर 'डॅश पी', पण हा पी मोठा लिहायचा. धाकटा पी लिहिला तर यंत्र दर वेळी विचारते, 'वाढू का?' आणि आपण हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. नवख्यांसाठी हा धाकटा पी फार गुणाचा.

आणखी एक गंमत मुलांना फार आवडते. लिनक्सवरचे एक्सआर्ग्स पंगतीत एकही माणूस नसला तरी एकदा वाढून येते! यादी रिकामी असली तरी आज्ञा एकदा चालतेच. तसे नको असेल तर 'डॅश आर' लिहावे लागते. आता आज्ञा केवळ 'दाखव' असेल तर काही बिघडत नाही, पण 'पुसून टाक' असेल तर? वर्गात हा प्रश्न विचारला की शांतता पसरते, आणि मग एखादा मागच्या बाकावरचा मुलगाच बरोबर उत्तर देतो.

पण माझ्या मते खरी शिकवण या चिन्हांत नाही, ती यादीत आहे.

'यादी' हा शब्द मराठीने फारसी 'याद' वरून घेतला. निजामाच्या कचेरीत काम केलेली जुनी मंडळी 'फेहरिस्त' म्हणत. माझे पदवीशिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने माझ्या तोंडी अजून कधी कधी 'सूची' येते. शब्द कोणताही वापरा, प्रत्येकाला ठाऊक असते की यादी चुकली तर पुढचे सगळे चुकते. किराणाच्या यादीत हळदीऐवजी हिंग लिहिला तर दुकानदार मुकाट्याने हिंगच बांधून देईल. तरी एखादा दुकानदार विचारतो, 'काकू, एवढा हिंग कशाला?' यंत्र विचारत नाही. एका ओळीत चूक असेल तर ती एकदा करते, यादी पाडण्याच्या रीतीतच चूक असेल तर ती सगळ्या ओळींवर करते, आणि क्षणात करते.

एक्सआर्ग्सची सवय अशी की ते मोकळी जागा दिसली की तेथे तोडते. यादीत 'हरि नारायण आपटे' असे लिहिले असेल तर त्याच्या दृष्टीने हरि एक, नारायण दुसरा आणि आपटे तिसरे. एका कादंबरीकाराचे तीन झाले! इंग्रजी एकशब्दी फाइलनावांच्या दुनियेत ही सवय सोयीची होती. आपल्या नावांच्या दुनियेत ती घातक आहे, कारण आपले नाव तीन पदरी, स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. त्यावर उपाय आहेत. 'डॅश डी' लिहून 'ओळ संपेल तेथेच तोड' असे सांगता येते. किंवा जीएनयू पॅरलल नावाचे दुसरे साधन घ्यावे. ते ओले टांगे यांनी लिहिले आणि 2010 मध्ये ते जीएनयू प्रकल्पात दाखल झाले. ते मुळातच ओळीगणिक तोडते, आणि वाढपी कितीही लावले तरी 'डॅश के' म्हटले की निकाल यादीच्याच क्रमाने देते. मात्र ते यंत्रावर वेगळे बसवून घ्यावे लागते.

हे केवळ तांत्रिक कुतूहल नाही. येथे तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर लिहितात. आपले उलट. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेची प्रमाणपत्रे आपल्या मुलांच्या हाती आली, त्यांवर पहिला शब्द आडनाव म्हणून धरलेला होता. मुलींच्या बाबतीत वडिलांचे नाव हेच त्यांचे नाव म्हणून छापले गेले. एकदोन नव्हे, आपल्या शाळेच्या सगळ्या मुलांची. कोणीतरी यादी घेतली, आज्ञा दिली, छापखान्याकडे पाठवली. कोणी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही. पण शंभर ओळींतल्या पहिल्या पाच ओळी जरी एखाद्या मराठी माणसाने वाचल्या असत्या तरी ते थांबले असते. दहावीच्या नोंदणीत असे झाले तर त्या नावाच्या दुरुस्तीसाठी पालकांना किती खेटे घालावे लागतात, हे पालकांना मी सांगायला नको.

आता पुन्हा पुस्तकांकडे. तेथेही हेच घडले, फक्त मोठ्या प्रमाणावर. पुस्तकांची नावे रोमन लिपीत, घाईने, आणि बहुधा ती भाषा न जाणणाऱ्यांनी नोंदवली. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची एक रीत नाही, हे आपण जाणतोच. 'ज्ञानेश्वरी'चेच पाहा. मराठी माणूस त्याची सुरुवात डी-एन-वाय अशी करील. संस्कृताच्या पद्धतीने लिहिणारा जे-एन करील. आणि माझ्यासारखे हिंदीतून शिकलेले जी-वाय करतील, कारण हिंदीत 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' होतो. परिणाम काय? अक्षरानुक्रमे लावलेल्या यादीत एकच ग्रंथ डी, जी आणि जे या तीन ठिकाणी जाऊन बसतो. यंत्राच्या लेखी ही तीन पुस्तके. शिवाय दक्षिणेत 'त' साठी टी-एच लिहितात, म्हणून 'गीता'ची आणखी निराळी रूपे. 'ळ' चा 'ल' होतो. आणि लिपी एकच असल्याने मराठी पुस्तक हिंदीत जाऊन बसण्याची भीती कायमची. ज्याला नाव अचूक ठाऊक आहे त्यालाही पुस्तक सापडत नाही, मग ज्याला ठाऊकच नाही त्याचे काय? पुस्तक जळाले, वाळवीने खाल्ले, तर आपण हळहळतो. येथे पुस्तक जसेच्या तसे शाबूत आहे, एका टिचकीच्या अंतरावर आहे, आणि तरी नाही.

दोष कोणाला देऊ नये. लाखो पुस्तके, अनेक भाषा, मोजका वेळ. 'डिजिटल लायब्ररी'चे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले. त्याआधी अमेरिकेतील कार्ल मालमूद यांनी त्यातील चार लाखांहून अधिक पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवली म्हणून ती वाचली. तेथे त्यांना दिलेले क्रमांकही सोबत आहेत, 'इन डॉट एर्नेट डॉट डीएलआय डॉट 2015' आणि पुढे काही आकडे. मुलांनी येथे एक जपावे. तो 2015 पुस्तकाच्या प्रकाशनाचा सन नाही. तो सन पानावरच पाहावा लागतो, आणि जुन्या पुस्तकांवर तो शके असू शकतो. शकात 78 मिळवायचे, हे आपल्या मुलांना पंचांगामुळे तरी ठाऊक आहे. हैदराबादच्या जुन्या कागदांवर फसली सनही आढळतो, तेथे 590 मिळवून साधारण इसवी सन काढता येतो. हे ज्ञान कोणत्या यंत्राकडे नाही असे नाही, पण 'हा आकडा शके आहे की इसवी' ही शंका आधी माणसाला यावी लागते.

म्हणून माझी सूचना अशी. नववीच्या मुलांनी शनिवारच्या दोन तासिका, एक सत्रभर, या मराठी पुस्तकांच्या यादीवर काम करावे. इंटरनेट आर्काइव्हने कमांड लाइनसाठी स्वतःचे एक साधन दिले आहे, 'आयए' नावाचे. त्याने शोध घेतला तर सापडलेल्या पुस्तकांचे केवळ क्रमांक, एका ओळीत एक, असे मिळतात. ती ओळींची यादी पॅरललला किंवा एक्सआर्ग्सला द्यायची आणि प्रत्येक पुस्तकाची माहिती उतरवून घ्यायची. हा यंत्राचा भाग, तो काही मिनिटांचा. मग मुलांचा भाग सुरू होतो. दोघादोघांच्या जोडीने वीसवीस पुस्तके घ्यायची, शीर्षकाचे पान उघडायचे, आणि देवनागरीत नाव, लेखक, प्रकाशनाचे गाव व साल लिहायचे. रोमन नोंद जशी आहे तशी शेजारी ठेवायची, खोडायची नाही. दुसऱ्याने ठेवलेली नोंद आपल्याला तेथे परस्पर बदलता येत नाही. पण आपली दुरुस्त यादी आपण त्यांना कळवू शकतो, मराठी विकिस्रोतावर काम करणाऱ्यांना देऊ शकतो, आणि आपल्या ग्रंथालयात ठेवू शकतो.

देवनागरीत लिहितानाही सावध राहायला हवे. डोळ्यांना सारखे दिसणारे अक्षर यंत्राला सारखे असतेच असे नाही. 'ॲ' ला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी आणि आजही अनेक जण 'अ' वर अर्धचंद्र देऊन ते लिहितात. यादीतील दुहेरी नोंदी काढण्याची आज्ञा दिली तर यंत्र या दोन रूपांना दोन वेगळे शब्द समजेल. तेव्हा कोणते रूप वापरायचे हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवायचे. तीच गोष्ट क्रमांकांची. स्कॅनच्या फाइलींची नावे आठ आकडी का, पहिल्या पानाआधी सात शून्ये का, हे मुलांनी एकदा स्वतः करून पाहावे. शून्ये काढली तर अक्षरानुक्रमात 1 नंतर 10 येतो, मग 100, आणि 2 बिचारा कितीतरी मागे. पुस्तक जोडले तर पहिल्या पानानंतर थेट दहावे!

कोणती पुस्तके उतरवून घ्यायची याचाही नियम हवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये गेले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1934 मध्ये, त्यांचे साहित्य केव्हाच मुक्त झाले आहे. पण आपल्या हैदराबादच्या इतिहासावर ज्यांनी एवढे लिहिले ते सेतुमाधवराव पगडी 1994 मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क 2054 अखेरपर्यंत राहील. अशा पुस्तकांची फक्त नोंद करायची, प्रत नाही. 'नेटवर आहे म्हणजे फुकट आहे' ही समजूत मुलांच्या मनातून जायची असेल तर त्यासाठी व्याख्यानापेक्षा ही यादी बरी.

आता आक्षेपांकडे येते. कृत्रिम बुद्धिमत्ता ही आज्ञा लिहून देते, हे खरे आहे. मी स्वतः पाहिले आहे, मराठीत विचारले तरी देते, आणि बहुधा बरोबर देते. पण ती आज्ञा आपल्या यंत्रावर, आपल्या फाइलींवर चालणार असते, आणि एंटर आपले बोट दाबते. ती वाचता येत नसेल तर आपण कोऱ्या धनादेशावर सही करतो आहोत. म्हणून मुलांना एकच शिस्त लावायची. कोणतीही आज्ञा यादीवर चालवण्याआधी तिच्यापुढे 'एको' हा शब्द लिहायचा. मग यंत्र काम करीत नाही, काय करणार आहे ते फक्त दाखवते. ते वाचायचे. पटले तर 'एको' काढायचे. पटले नाही तर यादीकडे परत जायचे. आज्ञा माणसाने लिहिलेली असो वा यंत्राने, ही शिस्त दोन्हीकडे सारखी.

दहावीच्या गुणांत हे मोजले जाणार नाही, असे काही पालक म्हणतील. नाही मोजले जाणार. पण आपल्या शेजारच्या नगर केंद्र ग्रंथालयात जाऊन पाहा, तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धापरीक्षेची मुले बसलेली असतात. त्यांच्यातील प्रत्येकाला पुढे याद्यांशीच व्यवहार करायचा आहे. मतदारांच्या, शिधापत्रिकांच्या, पिकांच्या, रुग्णांच्या. यादीतली एक ओळ म्हणजे एक माणूस, ही जाणीव त्या वयात नव्याने येत नाही, ती नववीतच यायला हवी. आणि खर्चाचे म्हणाल तर लिनक्सला परवाना शुल्क नाही. केरळमध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम 2001 मध्ये सुरू झाला आणि तेथील सरकारी शाळा पुढे मुक्त प्रणालीवर गेल्या. आपली जुनी यंत्रेही त्यावर बरी चालतात. नवी यंत्रे घेण्याआधी ही चालवून पाहू, असे माझे विश्वस्तांना आग्रहाचे सांगणे आहे.

एका सूचनेशी मात्र मी सहमत नाही. हे काम एखाद्या बाहेरच्या संस्थेला पैसे देऊन करून घ्यावे, म्हणजे लवकर होईल, असे एका बैठकीत बोलले गेले. लवकर होईल हे खरे. पण लवकर झाल्यामुळेच तर ही यादी अशी झाली. जिला 'ज्ञानेश्वरी' आणि 'ग्यानेश्वरी' एकच आहे हे सांगावे लागते, त्या संस्थेकडून ती यादी आणखी एकदा करून घेण्यात काय मिळणार?

उलट मला आजी-आजोबांची मदत हवी आहे. आपल्या समाजात अशी कितीतरी वडीलधारी मंडळी आहेत ज्यांनी ही पुस्तके लहानपणी प्रत्यक्ष वाचली आहेत. फाटक्या शीर्षकपानावर चार अक्षरे दिसली तरी ती पुस्तक ओळखतील. टोपणनाव पाहून लेखक सांगतील. एखाद्या नाटकाच्या दोन आवृत्त्या वेगळ्या का, हे त्यांना ठाऊक असेल. त्यांना टर्मिनल येत नाही, मुलांना पुस्तके ठाऊक नाहीत. दोघांना एका संगणकापुढे बसवायचे आहे. पडद्यावरील अक्षरे मोठी करता येतात, तेव्हा चष्म्याची काळजी नको.

विश्वस्तांकडून मला तीन गोष्टींची मान्यता हवी आहे. शनिवारच्या त्या दोन तासिका, कक्षातील इंटरनेटची जोडणी थोडी वेगवान करणे, आणि तयार झालेली यादी छापून एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचा खर्च. पुढील बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे. ज्या पालकांची वा आजी-आजोबांची यायची तयारी असेल त्यांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे. वहीत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव यांसाठी तीन वेगळे रकाने आखून ठेवले आहेत.

आपली,
मुख्याध्यापिका